पाकिटातले तांबडे सार

सुरेश, माझा आतेभाऊ, गोष्ट रंगवून सांगतो हे मला मान्य आहे. विनूच्या नातीच्या बारशाला, खारघरच्या त्यांच्या सोसायटीच्या सभागृहात, जेवणे आटोपल्यावर त्याने ती पुन्हा एकदा रंगवली. विनू हा माझा धाकटा भाऊ. लहानपणी त्याला कावीळ झाली, त्याने अन्न सोडले, डॉक्टरांनी हात टेकले, आणि अखेर सुरेशच्या आईने, म्हणजे आमच्या आत्याने, भाताची पेज भरवून त्याला माघारी आणले. त्याच संध्याकाळी त्याच्या अंगावरची काविळीची माळ आपोआप पायांपर्यंत उतरली, अशी ती कथा. बायकांनी डोळे टिपले. विनूच्या सुनेने बाळाला आत्याच्या तसबिरीपुढे धरले. मी खुर्चीत बसून होतो आणि माझ्या हातातला विडा तसाच राहिला होता. या कथेत खरे काय? कावीळ खरी. अन्न सोडले हे खरे. बाकीचे सर्व सुरेशचे. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते, पेज विनूने गिळलीच नव्हती, माळ पायांपर्यंत उतरली नव्हती. आणि मुख्य म्हणजे सुरेश तिथे नव्हता. तो घाटावर आपल्या आजोबांपाशी शाळा शिकत होता. तिथे मी होतो. स्टोव्हला पंप मी मारत होतो. तेव्हा हे प्रकरण लिहिण्याचा अधिकार कोणाचा, हे वाचकांनी ठरवावे.

मात्र पेजेकडे वळण्यापूर्वी आणखी एक आरोप निकालात काढणे भाग आहे. आमच्या नातलगांत असे सर्रास बोलले जाते की, आई गेल्यापासून आत्या येईपर्यंत आम्ही पोरे ‘पाव खाऊन जगलो’. हे वाक्य उच्चारताना मान ज्या प्रकारे हलवली जाते तो प्रकार मला अजिबात मान्य नाही. पाव खाऊन जगणे वेगळे आणि पावाचे काहीतरी करून जेवणे वेगळे. आई काविळीनेच गेली. तिला टॅक्सीत घालून खाडीपुलापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात नेले; विनूने गॅलरीतून हात हलवला होता; आणि ती पुलावरून परत आली नाही. वडील तुर्भ्याकडच्या पट्ट्यातल्या एका रसायनांच्या कारखान्यात पाळीवर होते. वाशीतले आमचे घर दोन खोल्यांचे, नवेकोरे. भिंतींना अजून चुन्याचा वास. ओहोटी लागली की खिडकीतून चिखलाचा खारट दर्प येई आणि वारा फिरला की वडिलांच्या कारखान्याचा. मी नुकताच कॉलेजात गेलो होतो. स्वयंपाक मला कोणी शिकवला नव्हता, आणि त्या वसाहतीत तेव्हा कोणी कोणाला ओळखत नव्हते, म्हणून शिकवायला येणारेही कोणी नव्हते. होते ते बामाशेठचे दुकान.

बामाशेठ जवळच्याच गावचा. वसाहतीत भाताची शेते गेल्यावर त्याने आमच्या इमारतीखाली किराण्याचा गाळा थाटला होता. तांदूळ, डाळ, मीठ, रॉकेल, आणि या सर्वांच्या मागे एका फळीवर शहरातून येणाऱ्या एजंटांनी गळ्यात मारलेला माल: तयार इडलीच्या पिठाची पाकिटे, दुधाचे गोड डबे, मुरंब्याच्या बाटल्या, भाजलेल्या शेवया, आणि सुपाची पूड. ती फळी म्हणजे माझी पाठशाळा. शिळ्या पावाचे तुकडे ताकाच्या हबक्याने भिजवून, मोहरी, कांदा आणि शेंगदाण्यांवर परतले की त्याचा उपमा होतो आणि तो रव्याच्या उपम्यापेक्षा लवकर होतो, हे मी तिथूनच शोधले. इडलीपात्र आमच्याकडे नव्हते; पाकिटातले पीठ मी तव्यावर घालत असे आणि त्याची घावने उत्तम होत. अंडे फोडून त्यात बटाट्याच्या वेफर्सचा चुरा घातला तर बटाटा उकडण्याचा वेळ वाचतो. उरलेली आमटी गरम करून तिच्यात मूठभर फरसाण, वर कच्चा कांदा, ही आमची बुधवारची मिसळ. रविवारी शेवया आणि गोड दुधाचा डबा. डबा खरवडण्याचा हक्क विनूचा, आणि त्या पत्र्यावर फिरणाऱ्या चमच्याचा आवाज मला आजही कोणत्याही वाद्याहून अधिक आवडतो. वडील पहाटपाळीवरून येत, ताटात पाहत आणि विचारत, “याला काय म्हणतात रे?”

“जेवण,” मी म्हणायचो.

“मग वाढ.”

एवढेच संभाषण. आम्ही उपाशी नव्हतो. दुःखात होतो, ते निराळे. आणि त्या दुःखात पाकिटातले अन्न आमच्या कामी आले ते यासाठी की त्याला आईच्या हाताची चव नव्हती. तिच्या पद्धतीचे वरण कोणी करून वाढले असते तर आम्हा तिघांनाही ते गिळवले नसते. आज सीवूड्सच्या मॉलमध्ये अशा मालाच्या भिंतीच्या भिंती उभ्या आहेत आणि माझ्या वयाची माणसे त्यांच्यापुढून जाताना नाक मुरडतात. मी मुरडत नाही. मी उभा राहतो आणि वाचतो.

मग आत्या आली. वडिलांहून ती बरीच मोठी. लहानपणी तिनेच त्यांना सांभाळले होते, म्हणून ते तिच्यापुढे वर मान करून बोलत नसत. तिने आल्या दिवशी पदर खोचला, डबे उघडून पाहिले, फळीवरची माझी पाकिटे एकेक करून नाकाला लावली आणि म्हणाली, “आरं, ह्ये काय खाणं हाय? मुकी पुडकी! ज्वारी कुठाय?” दुसऱ्या दिवशी ती पुडकी दूधवाल्याकडे गेली आणि घरात भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. तो आवाज चांगला होता, हे मी नाकारत नाही. तिच्या हातची शेंगदाण्याची आमटी, भरली वांगी, खरपूस पापुद्र्याची भाकरी यांविषयी माझी काही तक्रार नव्हती, आजही नाही. मला स्वयंपाकघरातून बाहेर काढले गेले एवढीच काय ती माझी हरकत; आणि ती मी कोणाजवळ बोललो नाही.

पावसाळा उतरणीला लागला तेव्हा विनूचे डोळे पिवळे झाले.

त्या क्षणापासून आत्याने घरातला पिवळा रंग हद्दपार केला. तिच्या गावाकडे काविळीचे पथ्य असेच पाळत: तेल नाही, तिखट नाही, आणि हळद तर नजरेसही नाही. परंतु आत्या हळदीवर थांबली नाही. तुरीची डाळ गेली, लिंबे गेली. विनूच्या शाळेचा पिवळा रेनकोट घडी करून ट्रंकेत गेला, पिवळी चादर शेजारणीकडे गेली, देवाच्या तसबिरीवरचा झेंडू बंद झाला. बल्बचा उजेड पिवळा पडतो म्हणून त्याला ती ट्यूबलाइटखाली बसवून भरवू लागली. आणि भरवत होती ते काय? मऊ भात, पेज, ताक, साळीच्या लाह्या. घर एखाद्या धुतलेल्या धोतरासारखे दिसू लागले. शिवाय माळ. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: घेटुळी नावाच्या रानभाजीच्या कोवळ्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत गुंफून लहानसे कडे करतात आणि ते रोग्याच्या डोक्यावर मुकुटासारखे ठेवतात. काड्या वाळून बारीक झाल्या की गाठी सैल पडतात, माळ वाढत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून पोटावर, आणि एक दिवस पायांतून निघते. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली, आणि माळ उतरेपर्यंत पथ्य. आत्याने ती स्वतः गुंफली होती, तीही माहेरी शिकलेल्या पद्धतीने, आणि तिच्या माहेरी ती कधी चुकली नव्हती.

आमच्याकडे ती डोक्यावरून गळ्यात आली आणि तिथेच राहिली.

याचे कारण मला पुढे कळले, आणि ते मी इथेच नमूद करतो, कारण सुरेश माळेच्या उतरण्याला दैवी गोष्ट समजतो. आत्याचे माहेर घाटावर, कोरड्या वाऱ्याचे. तिथे काडी सकाळची संध्याकाळी वाळते. आम्ही राहत होतो खाडीकाठी, जिथे पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते आणि काड्यापेटीची काडी ओढता ओढता मोडते. त्या हवेत घेटुळी वाळणार कशी? काड्या ओल्याच राहिल्या, गाठी घट्टच राहिल्या. विनूची कावीळ केव्हाच ओसरली होती. माळेला त्याची खबर नव्हती. आत्या रोज सकाळी त्याच्या गळ्याशी दोन बोटे घालून पाही आणि रोज म्हणे, “न्हाई. अजून हाय अंगात.” आणि पुन्हा पांढरी वाटी.

विनूने खाणे सोडले ते या वाटीपुढे. आधी त्याने तोंड फिरवले, मग रडला, मग रडायचेही थांबवले. “मला पांढरं नको,” एवढेच तो म्हणे. पेज तोंडात घातली तर ती ओठांच्या कोपऱ्यांतून परत येई. त्याचे मनगट इतके बारीक झाले की माझी बोटे त्याच्याभोवती फिरून एकमेकांवर चढत. खालच्या गाळ्यातल्या डॉक्टरीणबाई वर येऊन त्याला पाहून गेल्या. त्यांनी त्याची खालची पापणी ओढली आणि स्पष्ट शब्दांत सांगितले, “कावीळ गेलीय याची. डोळे स्वच्छ आहेत. आता जे त्याला आवडेल ते हलकं काहीही द्या, पण पोटात जाऊ द्या. उद्यापर्यंत काही खाल्लं नाही तर मला चिठ्ठी द्यावी लागेल. सलाईन लावायला पलीकडे न्यावं लागेल.”

पलीकडे. त्या बाईंना आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ काय हे ठाऊक नव्हते. वडील भिंतीला टेकून खाली बसले. विनू अंथरुणात होता, त्याने डोळे मिटले नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “दादा, टॅक्सीनं?”

बाई गेल्यावर मी वडिलांना म्हणालो, “त्या म्हणाल्या ना, आवडेल ते द्या म्हणून.”

“अक्का काय म्हणते बघू,” वडील म्हणाले.

आत्या दारातच उभी होती. “डॉक्टरनीला काय कळतंय? माळ बघा की! पोरांच्या आईच्या टायमाला बी डॉक्टर असंच म्हनला व्हता, बरी हाय म्हनून.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “म्या माळ उतरल्याबिगर काय बी द्यायची न्हाई. मला मारा, पर मी न्हाई द्यायची.”

दुसऱ्या दिवशी वडील पाळीवर गेले, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्या हाताचा अर्थ ‘सांभाळ’ असा होता की ‘कर काहीतरी’ असा, यावर विनूचे आणि माझे आजही एकमत नाही. मी ‘कर काहीतरी’ असा घेतला. दुपारी आत्या जुन्या गावातल्या गावदेवीला पाणी घालायला म्हणून निघाली आणि मला बजावून गेली, “पेज झाकून ठिवलीया. घोटघोट दे.” तिची पावले जिन्यावरून उतरल्याची खात्री झाली तसा मी दुसऱ्या बाजूने बामाशेठच्या दुकानात उतरलो.

फळीपुढे मी पुष्कळ वेळ उभा होतो. इडलीचे पीठ पांढरे. गोड दूध पांढरे. शेवया पिवळसर. मुरंबा आंब्याचा, म्हणजे प्रश्नच नाही. आत्याचा नियम मोडायचा नाही, असे मी मनाशी ठरवले होते. वाचकांना हे विचित्र वाटेल, पण भांडणात दुसऱ्याच्या नियमांत राहून जिंकण्याची मला तेव्हापासून सवय आहे. तेल नको, तिखट नको, पिवळे नको. आणि विनूला पांढरे नको. मग उरले काय? फळीच्या टोकाला, धुळीने राखाडी झालेल्या पाकिटावर एक टोमॅटो छापला होता.

“बामाशेठ, हे कसं लागतं?”

“मना काय इचारतंस रं? आमी खाडीचा मावरा नि भात खानारी मानसं,” तो म्हणाला. “तो एजंट ठेवून गेला, तवापासून धूल खातंय ते. कोनाला पायजे? तुज्या आत्याला?”

“विनूला.”

बामाशेठ तराजू पुसायचा थांबला. “पोर अजून खाईना?” मग त्याने पाकीट स्वतःच्या बनियनला घासून स्वच्छ केले, त्याच्यावर एक पावाची लादी ठेवली आणि म्हणाला, “जा बिगीन. आनी आत्यानं मारला तं हितं येऊन बस.”

पाकिटामागे कृती छापली होती आणि ती मी अक्षरशः पाळली, हे सुरेशने लिहून ठेवावे. पूड एकदम गरम पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. ती आधी थंड पाण्यात कालवावी लागते. स्टोव्हला पंप मारला, पातेल्यात पाणी ठेवले, कालवलेली पूड सोडली आणि ढवळत राहिलो. पावाच्या कडा काढल्या, मधला भाग कोरड्या तव्यावर, तेलातुपाचा थेंब न घालता, कुरकुरीत भाजला आणि त्याचे लहान चौकोनी पासे कापले. पातेल्यातला रंग आधी गुलाबी, मग विटकरी, मग तांबडा झाला, आणि कित्येक दिवसांनी त्या घरात रंग आला. वासही आला. आंबट-गोड, जरासा लवंगेच्या अंगाने जाणारा. मी वाटी भरली, वर पाव सोडला, आणि वळलो तर विनू अंथरुणातून उठून, भिंत धरून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसला होता. हाक मी मारली नव्हती.

“हे काय आहे?”

“सार.”

“पांढरं नाही?”

“बघ की.”

त्याने वाटीत बोट घातले आणि चाटले. मग त्याने चमचा माझ्या हातातून घेतला. मी त्याला भरवले, अशी एक आवृत्ती वडील सांगत असत. ती प्रेमळ आहे, पण चूक आहे. विनू स्वतः जेवला. पावाचा पासा आधी बुडवायचा, फुगू द्यायचा, मग उचलायचा, अशी त्याने त्याची एक पद्धत बसवली आणि तो कोणाकडेही न पाहता खात राहिला. मी स्टोव्ह बंद केला नव्हता. त्याच्या घरघरीत मला दुसरे काही ऐकू येत नव्हते, म्हणून आत्या केव्हा वर आली ते मला कळले नाही.

तिने पाहिले ते एवढेच: ट्यूबलाइटखाली विनू, आणि त्याच्या तोंडावर, हनुवटीवर, गळ्यातल्या माळेवर तांबडे. तिच्या हातातला तांब्या खाली पडला आणि देवीचे तीर्थ जमिनीवरून माझ्या पायांपर्यंत आले. ती किंचाळली नाही. ती विनूपुढे बसली आणि पदराने त्याचे तोंड पुसू लागली, पुसू लागली, जणू ते कुठून येते आहे तेच तिला शोधायचे होते. विनूने तिचा हात बाजूला केला आणि रिकामी वाटी माझ्यापुढे धरली.

“आणखी आहे?”

हे दोन शब्द सर्वांच्या आवृत्तीत आहेत. सुरेशच्या कथेत ते पेजेसाठी उच्चारले जातात, वडिलांच्या कथेत माझ्या हातच्या घासासाठी. ते उच्चारले गेले याविषयी मात्र आमच्या घराण्यात कधी वाद झाला नाही, आणि आमच्या घराण्यात वाद न झालेली ती बहुधा एकमेव गोष्ट आहे.

आत्या माझ्याकडे वळली. मी उत्तरे तयार ठेवली होती: तेल नाही, तिखट नाही, पिवळे नाही. तिने एकही प्रश्न तसा विचारला नाही. ती खाली बसल्या बसल्याच बोलू लागली, आणि माझ्याशी नव्हे. “पोरांच्या आईला म्याच शिरा दिला व्हता. सणाला आले व्हते तवा, सणाचा. तिनं मागितला, लई मन झालं म्हनली. डॉक्टर म्हनला व्हता, बरी हाय. म्हनून दिला, तुपातला. आन् चौथ्या दिसाला नेली तिला.” तिने नाक पुसले. “म्हनून म्या ह्याला…” डॉक्टरांनी तेव्हाही सांगितले होते की आईचे जाणे शिऱ्यामुळे नव्हते; तिचे यकृत आतून केव्हाच बिघडले होते. ते वडिलांना माहीत होते, मलाही माहीत होते. आत्याला कोणी सांगितले नव्हते, कारण तिला असे काही वाटते हे कोणालाच ठाऊक नव्हते. मी सांगितले. मला जेवढे माहीत होते तेवढे, उभ्याउभ्या, हातात पळी घेऊन सांगितले. ती ऐकत राहिली. मग तिने पाकीट मागून घेतले, उलटेपालटे केले आणि मला परत दिले.

“वाच. हळद हाय का?”

मी वाचले. टोमॅटो, मक्याचे पीठ, साखर, मीठ, कांदा.

“तेल?”

“नाही.”

“मंग बघतुयास काय? पोर मागतंय न्हवं?”

मी दुसरी वाटी भरली. आत्याने चमच्याच्या टोकाने चव घेतली आणि तोंड वाकडे केले. “ग्वाड हाय. ह्याला सार म्हंत्यात व्हय?” परंतु विनू खात असताना तिने त्याच्या गळ्याशी दोन बोटे घातली, सवयीने. तिने माळ दोन्ही हातांनी धरली, त्याच्या कानांवरून, डोक्यावरून अलगद ओढून काढली आणि खिडकीबाहेर टाकली. माळ खाली उतरली नाही, सुरेश. वर काढली गेली. आणि ती देवाने किंवा पेजेने काढली नाही, तुझ्या आईने काढली, आयुष्यभर ज्या पद्धतीवर तिचा विश्वास होता ती पद्धत बाजूला ठेवून काढली. मला विचारशील तर तू सांगतोस त्या चमत्कारापेक्षा हे मोठे आहे. पण तू मला विचारत नाहीस.

वडील संध्याकाळी आले तेव्हा विनू भिंतीला टेकून झोपला होता आणि त्याचे ओठ अजून तांबडे होते. वडिलांनी आत्याकडे पाहिले. “खाल्लं त्यानं,” ती म्हणाली, “दोन वाट्या. ह्यानं केलं.” ‘ह्यानं’ म्हणताना तिने माझ्याकडे बोट केले होते. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली आणि तिने ते श्रेय स्वतःकडे कधीही घेतले नाही. पेजेची कथा तिच्या माघारी तयार झाली. वडील मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी पातेल्याच्या तळाशी राहिलेले सार पावाच्या कडांनी पुसून घेतले.

“याला काय म्हणतात रे?” त्यांनी विचारले.

मी उत्तर देण्याआधी आत्या म्हणाली, “जेवन. आनखी काय?”

त्या रात्री घरात कोणी कोणाचा श्वास मोजत जागले नाही. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हाच आम्ही सर्व उठलो. चिठ्ठी लिहावी लागली नाही, टॅक्सी आली नाही, पूल खाडीवर आपल्या जागी राहिला. विनूला काही दिवसांनी वरण-भात चालू झाला, मग हळद परत आली, चादर परत आली. बामाशेठच्या फळीवरची धूळ आत्यानेच झटकवली. “त्ये तांबडं पानी आन,” असे ती महिन्यातून एकदा तरी मला सांगे आणि त्यात भाकरी कुस्करून, वर शेंगदाण्याचा कूट घालून खाई. कृतीत भाकरी नव्हती, हे मी तिला दर वेळी ऐकवले.

आता अलीकडचे. या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. त्यातून उठलो, पण तोंडाची चव गेली. सुनेने सर्व करून पाहिले आणि मी सर्व परत पाठवले. माझा हट्टी स्वभाव त्याला कारण आहे, असे घरात बोलले गेले. तेही चूक आहे, मला खरोखरच गिळवत नव्हते. एका सकाळी विनू खारघरहून आला. केस पूर्ण पांढरे, हातात पिशवी. माझ्याशी न बोलता तो थेट स्वयंपाकघरात गेला. पाकीट फाडल्याचा आवाज आला, मग पातेल्याचा.

“पूड आधी गार पाण्यात कालव,” मी अंथरुणातून ओरडलो.

“कालवली, दादा.”

“गरम पाण्यात टाकलीस. मला ऐकू येतं.”

“पूड ऐकू येते?” तो आतून हसला. “पडून राहा. अन् ऐक, सुरेशला मी फोनवर सांगितलंय, पेज नव्हती म्हणून. तो म्हणतो, तुला काय आठवतं, तू लहान होतास.”

“आणि तू काय म्हणालास?”

“मी म्हणालो, चव आठवते.”

तो वाटी घेऊन आला. सार पातळ झाले होते, गुठळ्या होत्या, पावाचे पासे वेडेवाकडे कापलेले होते आणि एका बाजूने करपले होते. हे सर्व मी त्याला सांगितले. तो पलंगाच्या काठावर बसून राहिला, हात मांडीवर, लहानपणी उंबऱ्यात बसला होता तसा. मी पहिला पासा बुडवला, फुगू दिला, उचलला. आंबट-गोड, जरासा लवंगेच्या अंगाने. वाटी संपली तेव्हा विनू माझ्याकडे पाहत होता. तो कशाची वाट पाहत होता हे मला ठाऊक होते, आणि ते दोन शब्द उच्चारून त्याला जिंकू देण्याचा माझा मुळीच विचार नव्हता.

मी नुसती वाटी त्याच्यापुढे धरली.